रिओचे पान आणि मिठाचे पाणी

महाविद्यालयात पहिल्या वर्षाची प्रात्यक्षिके घेताना आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेची किंमत कळते. प्रद्रव्यपटलाची, म्हणजे पेशीला वेढणाऱ्या पातळ पडद्याची, व्याख्या सगळ्यांना तोंडपाठ असते. ते पटल काम करताना पाहिलेली मुले मात्र फार थोडी. आपल्याकडे ते नववीतच दाखवले जाई, म्हणून या स्मरणिकेत त्याच प्रयोगाविषयी लिहितो.

रिओ हे शोभेचे झाड मुंबईत कुठल्याही सोसायटीच्या कुंडीत सापडते. पान वरून हिरवे, खालून जांभळे. हा जांभळा रंग रिक्तिकेतल्या (पेशीतल्या रसाच्या पिशवीतल्या) अँथोसायनिन या रंगद्रव्याचा, त्यामुळे वेगळे रंजक लागत नाही. पान तिरके फाडले की खालची पातळ साल सुटते. तिचा लहानसा तुकडा पाण्याच्या थेंबात पसरायचा, आच्छादक काच तिरकी टेकवून सुईच्या आधाराने सावकाश सोडायची. घाई केली की हवेचे बुडबुडे अडकतात आणि त्यांची जाड काळी कडा पाहून कुणीतरी हमखास ‘पेशी दिसली’ म्हणून ओरडते.

आता 100 मिली पाण्यात 5 ग्रॅम मीठ. काचेच्या एका कडेला या द्रावणाचा थेंब, समोरच्या कडेला टिपकागद. काही मिनिटांत जांभळा रंग भिंतीपासून सुटून आत गोळा होऊ लागतो, आधी कोपऱ्यांतून, मग चहूबाजूंनी. हेच रससंकोचन: मिठामुळे पेशीतले पाणी बाहेर जाते आणि पटल आतल्या रसासह आक्रसते. इथे बाई ठरलेला प्रश्न विचारत: भिंत आणि आक्रसलेले पटल यांच्या मधल्या जागेत काय आहे? बहुतेकांचे उत्तर ‘हवा’. खरे उत्तर मिठाचे पाणी. पेशीभित्तिका मिठाला अडवतच नाही, अडवते ते पटल. या एका प्रश्नात भित्तिका आणि पटल यांतला फरक कायमचा कळतो.

लगेच साधे पाणी दिले तर पेशी पुन्हा भरते. मिठात फार वेळ राहिली तर मरते, मग कितीही पाणी द्या. म्हणून शेजारी उकळलेल्या पानाची काचपट्टी हवीच. तिच्यात रंग आधीच बाहेर झिरपलेला असतो आणि मिठाने काहीच घडत नाही. माझ्या मते अर्धा प्रयोग या दुसऱ्या काचपट्टीतच आहे. वेळ नाही म्हणून ती गाळणे मला पटत नाही.

विकरांचा, म्हणजे पेशीतल्या क्रियांचा वेग वाढवणाऱ्या प्रथिनांचा, प्रयोगही याच शिस्तीचा. औषधाच्या दुकानातले 6 टक्क्यांचे हायड्रोजन पेरॉक्साइड तितकेच पाणी घालून 3 टक्के करायचे, त्यात कच्च्या बटाट्याचा तुकडा टाकायचा. बटाट्यातल्या कॅटालेज या विकरामुळे ऑक्सिजनचा फेस येतो. पेटती उदबत्ती तोंडाशी धरली की निखारा उजळतो. उकडलेला बटाटा गप्प राहतो, कारण उष्णतेने विकराची घडी विस्कटते. फ्रिजमधला बटाटा मात्र नुसता मंद असतो, ऊब मिळताच वेग घेतो. कच्च्या बटाट्यालाही फेस आला नाही, तर आधी बाटली तपासा: उन्हात राहिलेले पेरॉक्साइड आपोआप विघटित होते.

नव्या प्रयोगशाळेकडे एवढेच मागणे: खिडकीत रिओच्या दोन कुंड्या ठेवा आणि पावसाळ्यात सूक्ष्मदर्शके सिलिका जेल घालून बंद पेटीत ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की ते ओव्हनमध्ये तापवून पुन्हा कोरडे करावे लागतात. ते राहून गेले, तर मुंबईच्या दमट हवेत भिंगावर बुरशी चढते, काचेवरचा लेप खाते आणि मग पुसूनही उपयोग होत नाही.