पेपरवाल्यांचा राग का?

"ताई, तुमच्यावर एवढी मोठी बातमी आली होती. तरी पेपरवाल्यांचा तुम्हाला राग का?" औशात, लातुरात, अगदी लग्नाच्या मांडवातही मला हे विचारतात. परवा तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगते.

ती बातमी माझ्या बारावीच्या निकालाची. लहानपणी पोलिओ झाला, तेव्हापासून मी कुबड्यांवर चालते. वार्ताहर आले तेव्हा मी नवा ड्रेस घालून खुर्चीवर बसले होते. फोटोसाठी त्यांनी मला खाली अंगणात बसवलं, कुबड्या पुढ्यात आडव्या टाकल्या. आई सकाळपासून गल्लीभर पेढे वाटत होती. तिला पदर डोळ्याला लावायला सांगितलं. बिचारीनं लावला. दुसऱ्या दिवशी मथळा आला, 'अपंगत्वावर मात'.

मी पायावर कसली मात केली? पाय आहे तसाच आहे. मला जड गेला तो जिना. आमचा वर्ग वरच्या मजल्यावर होता, आणि दोन वर्षं मैत्रिणींनी मला धरून वर नेलं. पाऊस असला की पायऱ्या ओल्या व्हायच्या, मग मी घरीच राहायचे. हे सगळं मी वार्ताहरांना सांगितलं होतं. त्यातलं एक अक्षर छापलं नाही. छापलं असतं तर माझ्या मागून येणाऱ्या एखाद्या मुलीसाठी तरी वर्ग खाली आणला असता, असं मला अजून वाटतं.

पंतप्रधानांनी 2015 मध्ये 'दिव्यांग' शब्द सुचवला आणि बातम्यांतला 'अपंग' भराभर बदलला. बाकीचं वाक्य तेच राहिलं. 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे 7 प्रकार होते, 2016 च्या कायद्यात 21 झाले. त्यात सिकलसेल आहे, थॅलेसेमिया आहे, स्वमग्नता आहे, ॲसिड हल्ल्यात भाजलेल्या बायका आहेत. ही माणसं आमच्या तालुक्याच्या पानावर मला क्वचितच दिसतात.

3 डिसेंबरच्या दिव्यांग दिनाला तीनचाकी सायकली वाटल्याचा फोटो मात्र येतो. फोटोओळीत सगळ्या पाहुण्यांची नावं असतात, सायकल घेणाऱ्याचं नसतं. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातला 5 टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असतो. तो कुठल्या गावात खर्च झाला, कुठे झाला नाही, हे दप्तर उघडून कोणी बघावं, एवढीच माझी इच्छा आहे.

आणि किल्लारी. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंपात ढिगाऱ्याखाली ज्यांचा कणा मोडला, ते जगले, म्हातारे झाले. दर वर्षी त्या तारखेला कॅमेरा येतो आणि त्या पहाटेचंच विचारतो. माणूस रडला की निघून जातो. आज तुम्ही संडासला कसे जाता, पाठीला जखमा होतात का, दवाखान्यात कोण नेतं, हे विचारायला तीस वर्षांत कितीजण थांबले?

जुलै 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दृश्य माध्यमांबद्दल निकाल देताना म्हटलं, की दिव्यांगांची टिंगलही करू नका आणि त्यांना अचाट शक्तीची माणसं म्हणूनही दाखवू नका. निकाल सिनेमाच्या खटल्यातला होता, पण वाचताना मला माझ्या अंगणातला तो फोटो आठवला.

राग सगळ्यांवर नाही. गेल्या वर्षी एका तरुण वार्ताहराचा फोन आला, "ताई, तुमची जिद्द लिहायची आहे." मी म्हटलं, "घरी नको बाळा, ऑफिसात ये. माझा अर्ज द्यायचा आहे." तो आला. मी पायऱ्यांपाशी बसले होते, कारण अर्ज घ्यायची खोली वर होती. तो माझ्याजवळ थोडा वेळ थांबला, मग मला काही न विचारता वर साहेबांकडे गेला आणि त्यांना विचारलं.

बातमी आतल्या पानावर आली, सहा-सात ओळींची. माझं नाव नव्हतं, फोटो नव्हता. दिव्यांगांचे अर्ज कुठल्या मजल्यावर घेतात आणि तिथं जायला किती पायऱ्या आहेत, ते मात्र नीट मोजून लिहिलं होतं.