अंतर सापडतं, दिशा हुलकावणी देते

आज रत्नागिरीसमोर सर्व्हे बोटीवर होतो. समुद्रतळावर सोडलेल्या ट्रान्सपॉन्डरची (आवाजाच्या हाकेला आवाजानेच उत्तर देणारं यंत्र) जागा सोनारने, म्हणजे पाण्यात आवाज सोडून उत्तराच्या वेळेवरून अंतर आणि दिशा काढणाऱ्या यंत्राने शोधायची होती, तीही तीन किलोमीटरवरून. जवळ असताना सगळं चोख जुळतं. लांब गेलं की स्क्रीनवरचा ठिपका भटकायला लागतो.

कारण साधं आहे. दिशेत एका अंशाची चूक म्हणजे तीन किलोमीटरवर सुमारे ५२ मीटरचा फरक. आवाजाच्या वेगात सेकंदाला ५ मीटरची चूक धरली तरी अंतर फक्त १० मीटरने चुकतं. म्हणजे लांबवर खरा घोळ दिशेचाच. त्यात पाणी एकसारखं नसतं. आज वर पाण्याचं तापमान २८ अंश सेल्सियस आणि खाली २२, म्हणजे आवाजाच्या वेगात सेकंदाला जवळपास १४ मीटरची तफावत. आवाज कमी वेगाच्या थंड पाण्याकडे वाकतो, सरळ येतच नाही. १९३० च्या दशकात अमेरिकी नौदलाचे सोनार दुपारी कमी लांबचं ऐकायचे, तेही उन्हाने वरचं पाणी तापल्यामुळेच.

म्हणून आधी सीटीडी (पाण्याची क्षारता, तापमान आणि खोली मोजणारं यंत्र) पाण्यात सोडून आवाजाच्या वेगाचा आलेख घेतला. मग दिशेचा नाद सोडून ट्रान्सपॉन्डरभोवती मोठा फेरा मारला आणि वेगवेगळ्या ठिकाणांहून फक्त अंतरं मोजली. ती वर्तुळं एकमेकांना छेदतात तिथे जागा मिळते. मला ही पद्धत मनापासून आवडते. महागड्या यंत्रापेक्षा इथे भूमिती जास्त काम करते! वेळ मात्र खातेच, डिझेलही.

संध्याकाळपर्यंत वर्तुळं छान जुळली. उद्या त्याच जागेवर कॅमेरा उतरवणार आहोत.