चमक नको रे भाऊ

घराचं काम काढलं तेव्हा चौकटी आणि खिडक्यांच्या पट्ट्या सगळ्या सागाच्या केल्या. रंधा मारून कोऱ्या उभ्या राहिल्या आणि मिस्तरीने विचारलं, पॉलिश कोणतं? म्हटलं असं दे की लावलंय हे कळायलाच नको. त्याने माझ्याकडे असं पाहिलं जसं काही मी बिनतिखटाची शेवभाजी मागितली. "भाऊ, चमक नही ते पॉलिश कसानं?"

माझ्या डोक्यात आजीच्या धाब्याच्या घराची चौकट होती. तिला जन्मात पॉलिश नव्हतं, फक्त हात लागलेले आणि सणावाराचं तेल-कुंकू मुरत गेलेलं.

मिस्तरीचा जीव चपड्यात. लाखेचं ते पॉलिश मस्तच, पण तोंड दिसेल इतकं चमकतं, वर गरम कप ठेवला की पांढरं वर्तुळ. मला जवसाचं तेल आवडत होतं, पण ते दिवसेंदिवस पिवळं पडतं आणि तेलाची फडकी चुरगळून टाकली तर आपोआप तापून पेटूही शकतात, आमच्याकडे मे महिन्यात पारा ४४ वर, म्हटलं राहू दे. शेवटी पाण्यावरचं मॅट पीयू आणलं, म्हणजे पॉलियुरेथेनचं बिनचमकीचं पॉलिश. ते फारसं पिवळं पडत नाही, फक्त पाण्याने लाकडाचे रोम उभे राहतात, म्हणून पहिल्या हातानंतर ३२० नंबरचा सँडपेपर हलकाच मारायचा.

मॅटची गंमत अशी की डब्यात सिलिकाची बारीक पूड असते, तिच्यावर उजेड विखुरतो म्हणून चमक मरते. पण ती तळाशी जाऊन बसते. नीट ढवळलं नाही तर अर्धी चौकट चमकते आणि उरलेली पांढुरकी दिसते (एक खिडकी अशी झालीये, पडद्यामागे आहे). आणि डबा गदागदा हलवायचा नाही, बुडबुडे येतात.

बरं, उन्हात ब्रश फिरेपर्यंत वाळायचं आणि ब्रशचे पट्टे राहायचे, मग पहाटे सहाला कूलर बंद करून काम, धुळीचा वारा सुटायच्या आत.

वास्तूच्या दिवशी आईने चौकटीवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. संध्याकाळी मी ओलं फडकं घेऊन कोपऱ्यात हळूच पुसून पाहिलं, तर एका हातात निघालं, डागसुद्धा नाही. मग फडकं ठेवलं आणि बाकीचं तसंच राहू दिलं.