टेप क्रमांक ५ पर्यंत : घरच्या व्हिडिओंचं एडिटिंग, तीन महिन्यांची नोंद

तीन महिने झाले सुरू करून, म्हटलं आता एकदा सगळं सलग लिहून काढावं, कारण सुरुवातीला मला स्वतःलाच असं काहीतरी वाचायला हवं होतं ज्यात नवीन माणूस नक्की कुठे अडकतो ते लिहिलेलं असेल. तर आमच्या घरी १४ मिनीडीव्ही टेप (जुन्या हँडीकॅमच्या छोट्या डिजिटल कॅसेट) आहेत, १९९९ ते २००६ मधल्या, सगळ्या बाबांनी शूट केलेल्या, प्रत्येक ६० मिनिटांची. कॅमेरा अजून चालू आहे हे नशीब. ठरवलं असं होतं की सगळ्या टेप पीसीवर घ्यायच्या आणि प्रत्येक टेपमधून पाच-सहा मिनिटांची एक बघण्यासारखी फिल्म काढायची.

पहिले दोन आठवडे एडिटिंग वगैरे काही नाही, नुसतं कॅप्चर, म्हणजे टेपवरचा व्हिडिओ पीसीवर घेणं. कॅमेऱ्याला यूएसबी आहे पण त्यातून फक्त मेमरी कार्डवरचे फोटो येतात, टेपवरचा व्हिडिओ नाही, हे कळायला एक अख्खी संध्याकाळ गेली. मग आधी पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरी लावून एका यूएसबी डब्यातून करून बघितलं, चित्र आलं पण लाल रंग फुटत होता आणि आवाज मागे पडत होता. शेवटी फायरवायर कार्ड घातलं, म्हणजे आयईईई १३९४, कॅमेऱ्यावर त्याच्याच खाचेला डीव्ही किंवा आयलिंक लिहिलेलं असतं. फरक मोठा आहे, कारण टेपवर मुळात डिजिटल डेटाच असतो आणि फायरवायरने तोच डेटा जसाच्या तसा येतो, पिवळ्या वायरीने मात्र आधी त्याचं अॅनालॉग होतं आणि परत डिजिटल. ज्यांच्याकडे मिनीडीव्ही आहे त्यांनी कृपया फायरवायरचीच खटपट करा, मधला रस्ता नको.

वेळ मात्र लागतो. टेप चालेल त्याच वेगाने कॅप्चर होतं, तासाची टेप म्हणजे एक तास, आणि तासाला साधारण १३ जीबी. १४ टेपचे १८० जीबीच्या आसपास होतील, आजच्या डिस्कला ते काहीच नाही, पण माझी जुनी एक्स्टर्नल डिस्क फॅट३२ फॉरमॅटची होती आणि त्यात एक फाइल ४ जीबीच्या वर जातच नाही, त्यामुळे पहिली टेप मध्येच थांबली. डिस्क एनटीएफएस फॉरमॅटची केली (आधी आतलं सगळं दुसरीकडे हलवून) आणि पुढे गेले.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी जी मला फार आवडली. डीव्ही टेपवर चित्राबरोबर शूटिंगची तारीख आणि वेळसुद्धा साठवलेली असते, स्क्रीनवर दिसत नसली तरी. विनडीव्हीसारखा छोटा प्रोग्राम ती वाचतो आणि जिथे जिथे रेकॉर्डिंग थांबवून परत चालू केलंय तिथे तिथे नवीन फाइल करतो आणि तारीख-वेळ नावातच टाकतो. लिनक्सवर डीव्हीग्रॅब हेच करतं. टेप क्रमांक १ च्या अशा ४३ क्लिप निघाल्या. म्हणजे बाबांनी २० वर्षांपूर्वी ४३ वेळा ते लाल बटण दाबलं आणि प्रत्येक वेळचा मिनिट-सेकंद माझ्यासमोर आहे. फोल्डर उघडून मी नुसती नावं वाचत बसले होते.

आणि हो, टेप कॅप्चर करण्याआधी एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे फिरवून घ्या, वर्षानुवर्षं पडून राहिल्याने ती आत चिकटलेली असू शकते. चित्रात चौकोनी ठोकळे यायला लागले तर हेड (कॅमेऱ्यातला टेप वाचणारा भाग) साफ करायची कॅसेट काही सेकंद चालवा आणि तेवढाच भाग परत घ्या. टेप २ मध्ये ठोकळे होते, दुसऱ्या वेळी स्वच्छ आली.

तिसऱ्या आठवड्यात सॉफ्टवेअर. दाविंची रिझॉल्व्ह दोन दिवस वापरलं, फुकट आहे आणि खूप ताकदीचं आहे, पण माझ्या पीसीत वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही आणि प्रत्येक कटनंतर थांबून थांबून चालत होतं. मग शॉटकटवर आले, तेही फुकट आणि ओपन सोर्स. केडेनलाइव्हही चांगलं आहे असं वापरणारे सांगतात. माझं मत असं की जे तुमच्या मशीनवर न अडखळता प्ले होतं तेच तुमचं सॉफ्टवेअर, कारण एडिटिंग म्हणजे एकच जागा वीस वेळा बघणं, आणि ती अडखळत दिसली तर कट कुठे मारायचा हे कळतच नाही. फोनवरच्या क्लिप ज्यांच्याकडे आहेत त्यांनी प्रॉक्सी चालू करा, म्हणजे सॉफ्टवेअर काम करताना छोट्या हलक्या कॉपी वापरतं आणि एक्स्पोर्टच्या वेळी मूळ फाइल घेतं. आणि फोन बऱ्याचदा एका ठरावीक फ्रेम रेटने शूट करत नाही, प्रकाशाप्रमाणे कमीजास्त करतो, त्यामुळे लांब क्लिपमध्ये ओठ आणि आवाज जुळेनासे होतात. आधी हँडब्रेक या व्हिडिओ कन्व्हर्ट करायच्या प्रोग्राममधून कॉन्स्टंट, म्हणजे एकसारखा, फ्रेम रेट करून घ्यायचं, मग टाइमलाइनवर (सॉफ्टवेअरमधली क्लिप ओळीने लावायची पट्टी) टाकायचं.

मग त्या रेघा! दादा पळतोय तिथे त्याच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या आडव्या रेघा. मला वाटलं टेप खराब आहे. तसं नसतं, हे इंटरलेस्ड चित्र असतं. पाल (आपल्याकडच्या जुन्या टीव्हीची पद्धत) डीव्हीमध्ये चित्र ७२० बाय ५७६ असतं, सेकंदाला २५ फ्रेम, पण प्रत्येक फ्रेम दोन अर्ध्या चित्रांची (त्यांना फील्ड म्हणतात) बनलेली, एकात सम ओळी आणि दुसऱ्यात विषम, आणि दोन्ही वेगवेगळ्या क्षणी घेतलेली. म्हणजे खरं तर सेकंदाला ५० क्षण टिपलेले असतात. नुसतं डीइंटरलेस करून (म्हणजे अर्ध्या चित्रांची पूर्ण चित्रं करून) २५ फ्रेम ठेवल्या तर त्यातले अर्धे क्षण जातात, म्हणून मी ५० फ्रेमचं केलं, आणि खरंच हालचाल जशी जुन्या टीव्हीवर दिसायची तशी मऊ दिसायला लागली. एका क्लिपला फील्ड ऑर्डर उलटी लागली होती (डीव्हीमध्ये खालची फील्ड आधी असते) तर दादा धावताना दर पावलाला पुढे-मागे थरथरत होता, ते बदलल्यावर लगेच नीट झालं. आणखी एक, हे ७२० बाय ५७६ तसंच दाखवलं तर चेहरे किंचित लांबट दिसतात कारण डीव्हीचा पिक्सेल चौरस नसतो. मी फायनल फिल्म १४४० बाय १०८० ठेवते, म्हणजे ४:३. बाजूला काळ्या पट्ट्या येतात, येऊ देत. स्क्रीन भरायला म्हणून आईचा चेहरा ताणायचा हे मला पटत नाही.

आता खरं एडिटिंग. पहिली फिल्म मी चार मिनिटांची केली, टेप १ मधली, आणि तेव्हा मला जे सुचलं ते केलं, सगळा मूळ आवाज बंद आणि वर एक संथ म्युझिक. आवाज बंद करायचं कारण होतं, सगळीकडे वारा, टेपच्या मोटरची घरघर, आणि कॅमेऱ्यामागून सारखं बाबांचं बोलणं, 'इकडे बघ', 'थांब थांब', 'आता चालू झालंय का हे'. मला ते मध्ये मध्ये येणारं वाटलं. दादाला पाठवली. त्याने दोनदा बघितली आणि फोन करून म्हणाला, ''छान झालीय गं, पण बाबा कुठेयत?''

मी उत्तर द्यायला गेले आणि लक्षात आलं की बाबा नाहीतच. आतापर्यंत कॅप्चर केलेल्या पाच तासांत बाबा चित्रात दोनदा आहेत, एकदा आरशात आणि एकदा आईने कॅमेरा हातात घेतला तेव्हा जेमतेम अर्धा मिनिट. बाकी सगळीकडे ते फक्त आवाज आहेत, आणि तो मी म्यूट केला होता.

तेव्हापासून माझी कामाची पद्धत उलटी झाली. आता आधी आवाज. क्लिप टाइमलाइनवर टाकते आणि स्क्रीनकडे न बघता हेडफोन लावून ऐकते, जिथे बाबांचं किंवा कोणाचंही वाक्य चांगलं आलंय तिथे एम दाबून मार्कर टाकते, मग चित्र त्याभोवती लावते. यात अडचण अशी की बाबांचं तोंड माइकपासून वीतभर अंतरावर आणि आम्ही अंगणाच्या पलीकडे, त्यामुळे त्यांचा आवाज फुटायला आलेला आणि आमचा ऐकूच येत नाही. सरसकट आवाज वाढवून काही होत नाही. मी वाक्यावाक्याला कीफ्रेम (आवाजाची पातळी बदलायच्या खुणा) टाकून त्यांचा ६-७ डीबी (डेसिबल) खाली आणि आमचा तेवढाच वर आणते, बोलणं साधारण उणे १२ डीबीच्या आसपास ठेवते (शून्य ही कमाल पातळी, त्यावर आवाज फुटतो) आणि कुठेच उणे ६ च्या वर जाऊ देत नाही. वाऱ्यासाठी हाय पास फिल्टर, १०० हर्ट्झच्या खालचं काढून टाकायचं, त्याने बराच धपधप आवाज जातो. नॉइज रिडक्शन, म्हणजे घरघर कमी करणारा फिल्टर, मात्र अगदी थोडं, मी पहिल्यांदा जोरात लावलं तर बाबा पत्र्याच्या डब्यातून बोलल्यासारखे वाटत होते, ते लगेच काढलं. थोडी घरघर राहिली तरी चालते, दोन मिनिटांत कान तिला विसरतो. पण मध्येच एकदम शांतता आली तर लगेच खटकतं, म्हणून प्रत्येक जागेचा कोणी न बोलतानाचा दहा-पंधरा सेकंदांचा आवाज वेगळा काढून ठेवते आणि कटच्या फटींमध्ये तो भरते.

इथेच एक मोठी चूक झाली ती सांगते म्हणजे तुमची वाचेल. आवाज चित्रापासून वेगळा केला, मग चित्राच्या ट्रॅकवर एक्स दाबून एक तुकडा काढला, मागचं सगळं चित्र पुढे सरकलं आणि आवाज होता तिथेच राहिला. मला ते अर्ध्या तासाने कळलं. आता आवाज वेगळा केला की रिपल ऑल ट्रॅक्स (एका ट्रॅकवरचा तुकडा काढला की बाकीचे ट्रॅकही बरोबर सरकतात) चालू आहे ना ते आधी बघते, आणि रोज प्रोजेक्ट नवीन नावाने सेव्ह करते. प्रोजेक्ट फाइलमध्ये व्हिडिओ नसतो, फक्त कुठली क्लिप कुठून कुठपर्यंत याची नोंद असते, म्हणून तिच्या कॉप्या अगदी लहान होतात, कंजूषपणा करायचं कारण नाही. त्याच कारणाने क्लिपचे फोल्डर मात्र मध्येच हलवू नका, प्रोजेक्टला त्या सापडत नाहीत.

दुसरा धडा आईच्या हसण्याचा. टेप ३ मध्ये दादा सायकलवरून पडतो, आणि तीन महिन्यांनंतरच्या तारखेच्या एका क्लिपमध्ये आई दारात उभी राहून खूप छान हसतेय. मी ते दोन शॉट शेजारी लावले आणि काय सांगू, इतकं बरोबर बसलं, जणू ती त्याच्याकडेच बघून हसतेय. साधारण १९२० च्या आसपास रशियात दिग्दर्शक कुलेशोव यांनी हेच करून दाखवलं होतं, एकाच नटाचा तोच चेहरा वेगवेगळ्या शॉटला जोडला की बघणाऱ्याला त्यावर वेगवेगळी भावना दिसते. स्वतःच्या हाताने ते होताना बघितलं की अंगावर काटा येतो. पण मी तो कट काढला. आई त्या दिवशी तिथे नव्हतीच. सिनेमात ते करतात आणि करावंच, पण ही आमची आठवण आहे, उद्या दादाच्या मुलीला वाटेल तिचे बाबा पडल्यावर आजी हसली होती. माझ्यापुरता नियम, एका प्रसंगात एकाच दिवसाचं चित्र.

सगळ्यात जास्त उपयोगी पडलेली युक्ती म्हणजे जे कट. पुढच्या शॉटचा आवाज चित्राच्या आधी सुरू करायचा, टाइमलाइनवर त्याचा आकार इंग्रजी जे सारखा दिसतो म्हणून ते नाव. सायकलच्या प्रसंगात आधीच्या शॉटमध्ये रिकामा रस्ता आहे, त्यावरच बाबांचं ''पायडल मार, मी धरलंय'' ऐकू येतं आणि दीड सेकंदाने सायकल दिसते. एवढंच केलं, आणि ते रस्त्यावर कुठेतरी आहेत असं वाटायला लागलं.

मागच्या रविवारी टेप ३ ची फिल्म बाबांना पीसीवर लावून दाखवली. गप्प बसून बघितली, सायकलच्या भागाशी म्हणाले, ''परत लाव.'' लावली. मग म्हणाले, ''इथे मध्ये कॅमेरा हलला होता तो भाग कुठे गेला?''

मी म्हटलं, ''बाबा, ते फार हलत होतं, नुसती जमीन आणि तुमच्या चपला दिसत होत्या, म्हणून काढलं. उरलेलं स्टॅबिलाइझ केलंय, म्हणजे हलणं कमी केलंय.''

''अगं एका हातात कॅमेरा आणि दुसऱ्या हातात सीट होती. हलला तेव्हाच तर मी सोडलं त्याला.''

मूळ क्लिप उघडली आणि एकेक फ्रेम पुढे नेत बघितली. बरोबर होतं त्यांचं. आधी सीट आणि त्यांची बोटं, मग बोटं उघडतात, मग सगळं चित्र खाली जातं, चपला, रस्ता, त्यांचा धापा टाकल्याचा आवाज, आणि परत वर येतं तेव्हा दादा बराच पुढे गेलेला आणि मागे न बघता विचारतोय ''धरलंय ना बाबा?'' बाबा काहीच बोलत नाहीत.

त्या ११० फ्रेम परत घातल्या, स्टॅबिलायझर पूर्ण काढला, त्या भागातला श्वासांचा आवाज ४ डीबीने वर आणला. एच २६४ या फॉरमॅटमध्ये सीआरएफ १८ ने (हा दर्जाचा आकडा, जितका कमी तितकं चित्र चांगलं) एक्स्पोर्ट केली, आवाज एएसी २५६ केबीपीएस. मूळ डीव्ही फाइल दोन डिस्कवर आहेत, त्यातली एक दादाकडे.

टेप ५ काल कॅप्चर झाली, ३८ क्लिप. आज रात्री हेडफोन लावून ऐकायला बसतेय.