तीन बाहेर, दोन आत

सुवर्णमहोत्सवी अंकासाठी लेख मागणारे शाळेचे पत्र आले, तेव्हा विषय शोधावा लागला नाही. जीवशास्त्राच्या बाईंविषयी लिहायचे, एवढेच ठरले. इतर गुरुजनांनी राग मानू नये.

पेशीपटल शिकवताना बाईंनी आमचा वर्गच पेशी केला. अर्धी मुले पोटॅशियमचे आयन, म्हणजे धनभारित कण, होऊन आत, अर्धी सोडियमचे आयन होऊन व्हरांड्यात, आणि पुढच्या दारात पंप म्हणून मी. प्रत्येक फेरीला आत शिरलेले तीन सोडियम बाहेर काढायचे, दोन पोटॅशियम आत घ्यायचे आणि एटीपी या पेशीच्या इंधनाचा एक रेणू खर्च झाला म्हणून खडूचा एक तुकडा बाईंच्या हाती द्यायचा. गोंगाट ऐकून मुख्याध्यापक आले, तेव्हा बाई गंभीरपणे म्हणाल्या, “आयनांची वाहतूक चालू आहे, सर.”

मग त्यांनी मागचे दार केवळ पोटॅशियमसाठी उघडले. चार-दोन मुले बाहेर पडताच बाईंनी बाकीच्यांना थांबवले, कारण बाहेर धनभार वाढून आत ऋणभार उरला होता आणि तो आता जाणाऱ्यांना मागे ओढणार होता. गर्दीतून बाहेर पडण्याची ओढ आणि विद्युतभाराची ही ओढ यांचा तोल एकट्या पोटॅशियमच्या बाबतीत उणे ९० मिलिव्होल्टच्या आसपास साधतो. थोडे सोडियम आत झिरपत असल्यामुळे प्रत्यक्ष मज्जापेशीत तो उणे ७० च्या जवळपास राहतो. शेवटी सोडियमची खिडकी उघडली, मुले आत घुसली, म्हणजे मज्जापेशीचा संदेश नेणारा विद्युत स्पंद उमटला, आणि तेवढ्यात बाईंनी मला विचारले, “या स्पंदात पंपाचे काम काय?”

काहीच नाही, हे त्याचे उत्तर. एका मिलिसेकंदाचा तो स्पंद आतल्या-बाहेरच्या साठ्यांतल्या फरकाच्या उतारावर चालतो. पंप केवळ साठा राखतो आणि विद्युतदाबातला त्याचा थेट वाटा फार तर काही मिलिव्होल्टचा असतो. हॉजकिन आणि हक्स्ली या शास्त्रज्ञांनी १९५२ मध्ये स्क्विड या समुद्री प्राण्याच्या जाड मज्जातंतूवरून स्पंदाचे गणित मांडले, आणि पुढे विषाने पंप बंद पाडल्यावरही असा तंतू बराच काळ स्पंद देत राहतो, हेही दिसून आले. हे सारे बाईंनी पाठ्यपुस्तकाबाहेर जाऊन सांगितले.

आज माझ्या प्रयोगशाळेत सुमारे एक मायक्रोमीटर रुंदीचे काचनळीचे टोक पेशीला लावून हलकेच शोषले, की एकेका आयन चॅनलचा, म्हणजे पेशीपटलातल्या आयनांच्या दाराचा, प्रवाह काही पिकोअँपिअरच्या पायऱ्यांनी चढता-उतरताना पडद्यावर दिसतो. नेहर आणि साकमान यांच्या १९७६ मधील या तंत्रावर माझा चरितार्थ चालतो. नव्या संशोधकांना मी बाईंचाच प्रश्न विचारतो, आणि चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झालेलेही पंपालाच स्पंदाचे श्रेय देतात.

हल्ली हा भाग रंगीत चित्रफितींतून शिकवतात. त्यांत एका स्पंदासरशी सगळे सोडियम आत आणि सगळे पोटॅशियम बाहेर जाताना दिसते. स्क्विडच्या त्या तंतूतून प्रत्यक्षात साठ्याचा लाखातला एक हिस्साही हलत नाही. पण चित्रफिती करणाऱ्यांना बाई शिकवायला नव्हत्या.