इंग्लंडने पावातलं मीठ कसं कमी केलं, आणि ते मोजलं कसं

इथल्या साध्या ब्रेडच्या एका स्लाइसमध्ये साधारण 0.4 ग्रॅम मीठ असतं. पाकिटावर तसं छापलेलंच असतं. सकाळी दोन, दुपारी सँडविचच्या दोन, म्हणजे दीड ग्रॅमच्या वर मीठ पोटात गेलं आणि जिभेला पत्ताही नाही. ब्रिटनमधल्या माणसाच्या पोटात जाणाऱ्या मिठापैकी सुमारे तीन चतुर्थांश असं तयार पदार्थांतूनच येतं. म्हणून 2003 नंतर इथल्या अन्न-मानक संस्थेने लोकांना उपदेश करण्यापेक्षा कारखानदारांना धरलं. 2006 मध्ये ब्रेड, सूप, सॉसेज, बिस्किटं अशा 80 हून अधिक प्रकारांसाठी मिठाची उद्दिष्टं ठरवली. मीठ थोडं थोडं कमी होत गेलं. दहा वर्षांत ब्रेडमधलं मीठ सुमारे 20 टक्क्यांनी उतरलं आणि चव बदलल्याची ओरड झाली नाही.

मला खरं कौतुक वाटतं ते मोजमापाचं. ‘मीठ किती खाता?’ या प्रश्नाला कुणालाच नीट उत्तर देता येत नाही. म्हणून निवडलेल्या लोकांकडून चोवीस तासांची सगळी लघवी एका मोठ्या कॅनमध्ये गोळा करून घेतात आणि तिच्यातलं सोडियम तपासतात. मध्येच एखादी वेळ चुकली तर हिशेब कोलमडतो. ते कळावं म्हणून दिवसातून तीनदा एक निरुपद्रवी गोळी देतात. ती लघवीत पुरेशी उतरली नाही, तर नमुना अपुरा. कंटाळवाणं काम आहे, पण आकडा पक्का मिळतो: 2000-01 मध्ये माणशी रोज 9.5 ग्रॅम, 2011 मध्ये 8.1.

त्याच सुमारास, 2003 ते 2011 मध्ये, लोकांचा वरचा रक्तदाब सरासरी 3 अंकांनी घटला आणि पक्षाघाताने होणारे मृत्यू 42 टक्क्यांनी कमी झाले. हे सगळं श्रेय मिठाला देता येत नाही. त्याच काळात धूम्रपान घटलं, औषधोपचार सुधारले, आणि तुलनेला दुसरा इंग्लंड कुठून आणणार? तरी रक्तदाबाची गोळी न घेणाऱ्यांचाही दाब उतरला, हे मला फार बोलकं वाटतं.

पुढे धार गेली. 2011 च्या सुमारास जबाबदारी आरोग्य खात्याकडे गेली, कंपन्यांच्या स्वेच्छेवर भर आला, आणि 2018-19 च्या मोजणीत आकडा 8.4 निघाला. उद्दिष्ट 6 चं होतं.

आपल्याकडे हा मार्ग जसाच्या तसा चालणार नाही. भारतात बरंचसं मीठ घरच्या डब्यातून, लोणच्या-पापडातून येतं. तिथे चीनमधला प्रयोग जास्त जवळचा: 600 खेड्यांत, पक्षाघात होऊन गेलेल्या किंवा रक्तदाब असलेल्या वयस्कर लोकांना पाव हिस्सा पोटॅशियम क्लोराइड मिसळलेलं मीठ दिलं. सुमारे पाच वर्षांत पक्षाघात 14 टक्क्यांनी कमी झाले. फक्त, घरात कुणाला मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे मीठ आणू नका. अशा माणसाच्या रक्तात पोटॅशियम साठतं आणि ते हृदयाला धोक्याचं असतं.