हिल हाफ लॉग, आठवडा ७ ते ११: ९.३ चे १० कसे झाले

मागचा लॉग टाकून पाच आठवडे झाले. मधे गप्प होते, कारण आठव्या आठवड्यात जे झालं ते लिहावं की नाही हेच ठरत नव्हतं. आता लिहायचंच आहे तर सगळं लिहिते.

नवीन वाचणाऱ्यांसाठी: वय ४३, वजन ५८, मुक्काम कोथरूड, नोकरी बसून करायची. सपाटीवरची हाफ, म्हणजे २१.१ किमीची अर्धमॅरेथॉन, २ तास ११ मिनिटांत. साताऱ्याची हिल हाफ, म्हणजे डोंगरातली अर्धमॅरेथॉन, पहिल्यांदाच करतेय, मनात २:२५ धरलंय. यवतेश्वरचा घाट जाताना चढायचा आणि येताना उतरायचा. उतारावर वेळ भरून काढू म्हणणारे शेवटच्या तीन किलोमीटरला मांड्या धरून चालताना दिसतात, असं जाऊन आलेले सांगतात. माझं अजून सगळं ऐकीव.

आठवडा ७ (एकूण ३८ किमी)

मंगळवारी वेताळ टेकडीचा चढ, सहा फेऱ्या. चौथीनंतर पाय म्हणजे ओल्या वाळूची पोती. सकाळी उठल्याउठल्या नाडी ५४ असायची, ती आठवडाभर ६१. झोप पूर्ण, तरी दुपारी ऑफिसात डुलक्या. लॉगमध्ये मी काय लिहिलं? "पावसाळी हवा, अंग जड." हवेवर ढकललं की काम झालं.

खरी गोष्ट अशी की महिनाभर मी रात्रीचा भात-पोळी बंद केली होती. ग्रुपमधल्या एकाने सांगितलेलं, चढावर प्रत्येक किलो वर ओढून न्यावा लागतो, दोन कमी कर. मग रात्री ताक आणि कोशिंबीर. दोन किलोंतला सव्वा गेलाही. हे लॉगमध्ये "डाएट स्वच्छ" एवढ्याच दोन शब्दांत आहे.

आठवडा ८ (२९ किमी, त्यात शर्यत)

पुण्याजवळची एक छोटी १० के, म्हणजे १० किमीची शर्यत. नाव घेत नाही. सरळ जायचं, ५ किलोमीटरवर शंकू ठेवलेला, त्याला वळसा घालून परत. धावणाऱ्याची चिप ओळखून वेळ टिपणारी मॅट फक्त सुरुवातीला आणि शेवटाला. पाऊस असा की चष्म्याचा काही उपयोग नाही. पुढे दहा-बाराजणांचा घोळका होता. पाण्याचं टेबल आलं, घोळका टेबलाला वळसा घालून उलटा फिरला, त्यांच्यामागे मीही. टेबलापाशी प्लास्टिकचा रेनकोट घातलेला एक मुलगा दोन्ही हात हलवत ओरडत होता, "पुढून, पुढून!" मला वाटलं मागच्यांना सांगतोय.

खरं तर मला तसं वाटून घ्यायचं होतं. ऐकू स्वच्छ आलं होतं.

शेवटच्या रेषेवर घड्याळ ५६:०७ आणि अंतर ९.३०. माझी आधीची सर्वोत्तम वेळ ५८:४०. दोन मिनिटांत माझा तपास पूर्ण: झाडी आहे, ढग आहेत, जीपीएस चुकलं. खरं तर जीपीएसचं घड्याळ मोजलेल्या रस्त्यावर सहसा थोडं जास्तच दाखवतं. नियमाने मोजलेल्या मार्गावर सर्वांत जवळची रेषा धरतात, वर किलोमीटरमागे एक मीटर जास्तीचा ठेवतात म्हणजे मार्ग कमी भरायला नको. आणि आपण पळतो वळणावळणाने. सातशे मीटर ढगांनी खाल्ले नाहीत. हे मला त्या क्षणीही माहीत होतं, मीच नवीन मुलांना समजावते.

मग माइकवर नाव आलं. ४० ते ४९ महिला, तिसरी. ट्रॉफी, सुक्यामेव्याच्या दुकानाचं १५०० रुपयांचं व्हाउचर, बॅनरसमोर फोटो, गरम पोहे. घरी येऊन मी घड्याळातली फाइल ॲपवरून काढून टाकली आणि हाताने नोंद भरली: १० किमी, ५६:०७, पीबी (पर्सनल बेस्ट, स्वतःची सर्वोत्तम वेळ). खाली बासष्टजणांच्या टाळ्या.

यातला सगळ्यात महाग भाग पुढचा. पीबी आला म्हणजे भात सोडल्याचा फायदा झाला, असा मी निष्कर्ष काढला. घरी सगळ्यांना सांगितलाही. पुढच्या आठवड्यात सकाळची पोळीही कमी केली.

आठवडा ९ (१४ किमी)

शर्यतीतला वेग होता किलोमीटरला ६:०२. पूर्ण दहा धावले असते तर साधारण ६०:२०. म्हणजे पीबी सोडा, मी पावणेदोन मिनिटांनी हळू झाले होते. हा हिशेब मांडायला मला नऊ दिवस लागले, आणि तोही बुधवारी टेकडीवर दुसऱ्याच फेरीत डोळ्यांपुढे अंधारी येऊन कट्ट्यावर बसल्यावर.

डॉक्टरांकडे गेले. दोन महिने पाळी चुकली होती, मी ती वयावर टाकली होती. त्या म्हणाल्या, वयामुळेही असेल, पण तुम्ही खाता किती ते आधी सांगा. रक्त तपासलं: हिमोग्लोबिन बरं, पण फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, फक्त ११. म्हणजे गल्ल्यात पैसे दिसतायत, तिजोरी रिकामी. व्यायामाच्या मानाने खाणं कमी पडलं की हाडं, पाळी, रक्त, झोप सगळीकडून शरीर काटकसर सुरू करतं. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये याला रेड-एस असं नाव दिलं, आणि ते फक्त ऑलिंपिकवाल्यांना होतं असं नाही.

त्या रात्री मोदकाचं पीठ मोजायला आणलेला वजनकाटा ओट्यावर काढला. जे रोज खाते ते सगळं मोजलं. सासूबाई बघत होत्या. "पळायला जातेस की सोनं विकायला?" म्हणाल्या.

दोन पोळ्या, वाटीभर वरण, अर्धी वाटी दही, पोहे, मूठभर शेंगदाणे, ताक. प्रथिनं भरली चाळीस ग्रॅमच्या आतबाहेर. सहनशक्तीचा व्यायाम करणाऱ्यांना वजनाच्या किलोमागे किमान १.२ ग्रॅम लागतात, म्हणजे मला सत्तर. विचारलं असतं तर मी छातीठोकपणे "सत्तर तरी असतीलच" म्हटलं असतं. दोन्हीकडे तोच प्रकार: ९.३ चे १०, चाळीसचे सत्तर.

सासूबाईंनी काट्यावरची दह्याची वाटी उचलली, वर दोन चमचे घातलं आणि माझ्यापुढे ठेवली. "आता मोज," म्हणाल्या.

गुरुवारी आयोजकांना फोन केला. ते हसले. "जाऊ द्या हो मॅडम, बॅनरवर फोटोपण लागला तुमचा. कोण बघतंय? अर्धी पब्लिक तिथूनच वळली होती." माणूस वाईट नव्हता, त्याला फक्त निकालाची यादी परत उघडायची नव्हती. शेवटी त्यांनी चौथ्या आलेल्या ताईंना माझा नंबर दिला.

बॉस्टन मॅरेथॉनची १९८० सालची गोष्ट बहुतेकांना रोझी रुईझमुळे माहीत आहे. २:३१:५६ वेळ लावून ती जिंकली आणि नंतर कळलं की तिने पूर्ण शर्यत धावलीच नव्हती. मी ती गोष्ट दहा वेळा सांगितली असेल, आणि प्रत्येक वेळी रुईझचीच. कॅनडाच्या जॅकलिन गॅरोची वेळ होती २:३४:२८. ती खरी पहिली. ती रेषेवर आली तेव्हा फीत नाही, गर्दीचा जल्लोष नाही, विजेतीचा पानांचा मुकुट रुईझच्या डोक्यावर. आठवड्याने तिला बोलावून पदक दिलं. पण रेषेवरचं ते अर्धं मिनिट आठवड्याने कसं देणार?

आमच्या ताई ५७:३० मध्ये पूर्ण दहा धावल्या होत्या. शंकूपर्यंत जाऊन. फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मला माहिती होतं. तुम्ही टेबलापासून वळताना मी समोरूनच पाहिलं." मग थांबून, "व्हाउचरचं काय केलंत?"

व्हाउचरचा खजूर झाला होता, आणि खजूर बराचसा माझ्या पोटात. पैसे देते म्हटलं. त्या म्हणाल्या, ट्रॉफी तुम्हीच ठेवा, घरात जागा नाही. खजूर किती राहिलाय? रविवारी शिल्लक सातशे ग्रॅम खजूर, बाकीचे पैसे आणि ट्रॉफी तिन्ही घेऊन गेले. ट्रॉफी त्यांच्या मुलीने उचलली.

ॲपवरची नोंद बदलली: "९.३ किमी, ५६:०७, वळण चुकवलं." एकाने लिहिलं, एवढं काय, हौशी शर्यत तर आहे. त्याला स्पेनमधली बुर्लाडाची शर्यत सांगितली. डिसेंबर २०१२. केनियाचा आबेल मुताई, लंडन ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसचं (अडथळ्यांच्या शर्यतीचं) कांस्य घेतलेला, शर्यत संपली समजून रेषेच्या थोडं आधीच थांबला. मागून आलेला इव्हान फर्नांडेझ अनाया त्याला मागे टाकू शकला असता. त्याने खुणेने मुताईला पुढे घातलं आणि स्वतः दुसरा आला. हे सगळे सांगतात. पुढचं कमी सांगतात: अनायाचा कोच मार्टिन फिझ, १९९५ चा मॅरेथॉन विश्वविजेता, उघड म्हणाला की मी असं केलं नसतं. मला फिझचं बोलणं जास्त कामाचं वाटतं. निदान त्याने मनात होतं ते सांगितलं.

आठवडा १० (३१ किमी)

खाणं वाढवलं. रात्रीचा भात परत आला. सकाळी दोन अंडी किंवा वाटीभर मोड आलेल्या मटकीची उसळ, वर लिंबू पिळून; लिंबाने डाळी-भाज्यांमधलं लोह चांगलं शोषलं जातं. जेवल्याजेवल्या चहा बंद, कारण चहा नेमकं उलटं करतो. आता दीड तासाने. ही सवय सोडणं भातापेक्षा अवघड गेलं, खोटं कशाला बोलू. धावायच्या आधी नाचणीची आंबील. नाचणीत १०० ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम आहे, आणि मुख्य म्हणजे ती पोटात गुडगुडत नाही. हळिवाचे लाडू सासूबाईंनी न सांगता केले. लोहाच्या गोळ्या डॉक्टरांनी दिल्यात, त्या वेगळ्या. फेरिटिन न तपासता कोणी माझं बघून गोळ्या सुरू करू नका.

लाँग रन १६ किमी, एनडीए रोडने. तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं हा सर्वसाधारण हिशेब. साध्या एका खजुरामागे पाच-सहा ग्रॅम धरले तर तासाला सहा खजूर पुरतात. बिया आदल्या रात्री काढून ठेवा, चढावर तोंडात बी घोळवत श्वास घेता येत नाही. उकडलेल्या बटाट्याच्या मीठ लावलेल्या फोडीही करून पाहिल्या. चांगल्या लागतात, पण पिशवीत लगदा होतो.

पाण्याचं थोडं सविस्तर. मी दोन वर्षं दुकानातून "ओआरएस" लिहिलेली गोड टेट्रापॅक आणून प्यायचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात लिटरभर पाण्याला १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ असतं, शिवाय पोटॅशियम आणि सायट्रेट. माझ्या पॅकमध्ये साखर कितीतरी जास्त होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने) या सूत्रात न बसणाऱ्या पेयांच्या नावात ओआरएस शब्द वापरायला मनाई केली, तेव्हा कुठे मी पाठीमागची बारीक अक्षरं वाचली. आता घरचंच: लिटरभर पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, लिंबू. चहाचे चमचे, पोह्याचे नव्हेत! मीठ जास्त झालं तर समुद्रात पोहल्यासारखं लागतं, मी केलंय.

ग्रुपमधल्या एका पोराने जिममधून आणलेली प्री-वर्कआउटची, म्हणजे व्यायामाआधी घ्यायची पुडी पुढे केली. डब्यावर घटकांचं "खास मिश्रण" आणि प्रमाण एकाचंही नाही. वाडाच्या (जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या) नियमात अंगात सापडलेल्या पदार्थाची जबाबदारी खेळाडूचीच. मला माहीत नव्हतं म्हणून सुटका नाही. तो म्हणाला, आपल्याला कोण तपासणार काकू? शंकूपाशी मॅट नव्हती तेव्हा मीही असंच म्हटलं होतं. पुडी परत दिली, काकू म्हटल्याचा राग वेगळा.

आठवडा ११ (४० किमी)

नाडी ५६ वर आली. वजन ५८.४.

रविवारी सिंहगड, ताईंबरोबर. पहाटे साडेपाचला गोळेवाडीहून वरच्या पार्किंगपर्यंत, धुकं इतकं की त्यांची पिवळी टोपी दहा पावलांवर दिसेनाशी व्हायची. त्या पुढे, मी मागे. प्रत्येक वळणावर थांबून मागे बघायच्या. पहिल्यांदा वाटलं काळजीने. तिसऱ्या वळणावर म्हणाल्या, "टेबल नाही ना इथे, म्हणून बघतेय." दोघी हसून हसून चालायला लागलो, ते चालणंही लॉगमध्ये आहे. एकूण चार वेळा चालले, सगळं मिळून ११ मिनिटं. घड्याळाचा ऑटो-पॉज बंद केलाय, त्यामुळे तळ्याला पाय धुवायला थांबले तेही वेळेत धरलंय. वर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही खाल्लं. कांदाभजी त्यांनी मागवली, अर्धी मी संपवली.

उतरताना मांड्या थरथरत होत्या. ऐकीव होतं ते आता खरं कळायला लागलंय, तेव्हा २:२५ खोडून २:३५ लिहितेय.

आठवडा १२: मंगळवारी टेकडीच्या पाच फेऱ्या, गुरुवारी सोपे ८, रविवारी परत सिंहगड. कोणाला यायचं असेल तर साडेपाचला गोळेवाडी नाक्यावर. सातनंतर गाड्या वाढतात. बाटली घरून भरून आणा. खजूर ताई आणणार आहेत.